दम संपतो तेव्हा काय संपते?

सायकलची सहल असो, किल्ल्याची चढण असो की शाळेतली लांब पल्ल्याची शर्यत असो, एखादा मुलगा किंवा मुलगी मध्येच खाली बसली, की आजूबाजूच्या मोठ्या माणसांच्या तोंडून एक वाक्य हमखास निघते : "अंगात दमच नाही!" त्याच्या पाठोपाठ दुसरे येते : "मनाचा निर्धार पाहिजे." यांपैकी पहिले वाक्य मला मान्य आहे. ते अगदी शब्दशः खरे आहे, हे आपण पुढे पाहूच. दुसऱ्या वाक्याशी मात्र माझे भांडण आहे, आणि ते चाळीस वर्षांपूर्वी बिद्रीच्या रस्त्यावर सुरू झाले.

बिद्री हे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातले, दूधगंगेच्या खोऱ्यातले गाव. कोल्हापूरहून गारगोटीला जाताना मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडे ते लागते. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना तिथेच आहे. मी नववीत असताना, १९८४ च्या जानेवारीत, आमच्या वर्गाची सायकल-सहल तो कारखाना पाहायला निघाली. अंतर एका बाजूने तीस-पस्तीस किलोमीटर. माझ्याकडे वडिलांची चोवीस इंची काळी सायकल होती. सीटवर बसले की पाय पुरत नसत, म्हणून पायडल खाली जाताना कंबर त्या बाजूला झुकवावी लागे. पण तेव्हा त्याचे काही वाटत नसे.

तो शनिवार होता. आमच्या गल्लीतली तालमीत जाणारी मुले मारुतीचा शनिवार धरत, म्हणून मीही धरत असे. आईने पहाटे चहा दिला आणि पिशवीत राजगिऱ्याचे दोन लाडू घातले. आता उपवासाला राजगिरा चालतो हे मलाही माहीत होते. पण बरोबरच्या मुलांसमोर, "मी आज काहीच खाणार नाही, बघा," अशी फुशारकी मारून बसलो होतो. दोन्ही लाडू कळंब्याच्या पुढे एका मित्राला देऊन टाकले. आदल्या रात्री आठला जेवलो होतो, त्यावर फक्त एक कप चहा.

जाताना काहीच झाले नाही. धुके होते, उसाला तुरे आले होते, उसाने भरलेल्या बैलगाड्यांच्या रांगेला वळसे घालत आम्ही गाणी म्हणत गेलो. कारखान्यात गव्हाणीत पडणाऱ्या मोळ्या पाहिल्या, रसाचे पाट पाहिले, आणि शेवटी तिथल्या एका कामगाराने प्रत्येकाच्या तळहातावर कोमट, ओलसर अशी ताजी साखर ठेवली. मी ती शेजारच्याच्या हातावर ओतली. साखर कारखान्यात जाऊन साखरेला नाही म्हणणारा त्या दिवशीचा मी एकटाच असेन.

परतीला उन्हे तापली होती. पहिले सात-आठ किलोमीटर ठीक गेले. मग एका लहानशा चढाला पाय एकदम जड झाले. दमल्यावर होतात तसे नव्हे. पाय जणू दुसऱ्याचेच होते. पोटात भूक अशी जाणवत नव्हती, उलट मळमळत होते. कपाळावर गार घाम आला. हँडल धरलेले हात थरथरू लागले. मित्राने काहीतरी चेष्टा केली तर मला रडूच कोसळले, आणि का रडतो आहे ते मलाच कळेना. समोरून ऊस भरलेला ट्रक येत होता. तो मला दिसत होता, पण आपण रस्त्याच्या कडेला व्हायला हवे हा विचार डोक्यात यायलाच उशीर लागला. मित्राने सायकलचे कॅरियर धरून मला बाजूला ओढले.

आमच्याबरोबर असलेले गुरुजी मागून आले. "काय रे, एवढ्यात दम संपला? तालमीत जातोस ना? मनाचा निर्धार कर आणि उठ!" मी निर्धार केला. खरोखर केला. उठून टांग मारली आणि वीस-तीस पावलांवर सायकलसकट शेतात गेलो.

ते शेत एका गुऱ्हाळाचे निघाले. गुळव्या म्हातारा होता. त्याने माझ्याकडे पाहून एकच प्रश्न विचारला, "बाळ, सकाळपास्नं पोटात काय हाय का न्हाय?"

"न्हाई मामा, उपास हाय."

"गूळ उपासाला चालतोय," असे म्हणून त्याने काहिलीतली काकवी वाटीत घातली, वर मूठभर भाजलेल्या शेंगा दिल्या आणि उसाच्या पाचटावर सावलीत बसायला सांगितले. पंधरा-वीस मिनिटे गेली असतील. प्रथम हातांची थरथर थांबली. मग डोके निवळले; रस्ता, झाडे, माणसे पुन्हा नीट जागच्या जागी आली. अर्ध्या तासाने मी सायकलवर होतो आणि संध्याकाळच्या आत घरी पोहोचलो. गुरुजी वाटेत म्हणाले, "बघ, निर्धार केलास की जमते."

मित्रांनो, माझा निर्धार काकवीच्या आधी आणि काकवीच्या नंतर तेवढाच होता. मग बदलले काय?

आपल्या शरीरात इंधनाचे दोन मोठे साठे असतात. एक चरबीचा आणि दुसरा ग्लायकोजेनचा. ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजचे शेकडो-हजारो रेणू एकमेकांना जोडून बनलेला पदार्थ; वनस्पतींत जसे पिष्ट, तसे प्राण्यांत ग्लायकोजेन. मोठ्या माणसाच्या यकृतात ते सुमारे शंभर ग्रॅम आणि सगळ्या स्नायूंत मिळून तीनशे ते चारशे ग्रॅम साठते. तुमचे स्नायू लहान, म्हणून तुमचा साठाही लहान. प्रत्यक्ष रक्तात फिरणारे ग्लुकोज तर जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याने एक चमचा! सगळ्या रक्तात मिळून एक चमचा साखर. तेवढ्यावर मेंदूचा कारभार चालतो. हा चमचा रिकामा होऊ लागला की यकृत आपल्या साठ्यातून तो भरत राहते.

चरबीचे पाहा. पंचेचाळीस किलो वजनाच्या सडपातळ मुलाच्या अंगातही चार-पाच किलो चरबी असते. पाच किलो चरबीत पस्तीस-चाळीस हजार कॅलरी साठलेल्या असतात. (येथे कॅलरी म्हणजे आहारशास्त्रातली मोठी कॅलरी, किलोकॅलरी.) बेताच्या वेगाने सपाट रस्त्यावर सायकल चालवताना अशा मुलाला किलोमीटरमागे सुमारे अठरा-वीस कॅलरी लागतात. म्हणजे हिशेबाने पाहिले तर नुसत्या चरबीवर तो कोल्हापूरहून दिल्ली गाठू शकेल. मग मी बिद्रीपासून दहा किलोमीटरवर का कोसळलो?

याचे उत्तर त्या गुऱ्हाळाच्या अंगणातच होते, फक्त मला ते फार उशिरा दिसले. गुऱ्हाळात रस काढून उरलेली चिपाडे अंगणभर पसरलेली असतात. ताजी, ओली चिपाडे डोंगराएवढी. नीट वाळलेली त्या मानाने थोडी. चुलवाणाशी बसलेला माणूस वाळलेली चिपाडे एकसारखी आत सारत असतो. त्यात खंड पडला की काहिलीतली उकळी लगेच बसते. ओली चिपाडे घातली तर ती जळत नाहीत असे नाही, धुमसत जळतात. काहील कोमट राहील, पण गूळ व्हायचा नाही. चरबी ही आपली ओली चिपाडे. तिच्यापासून ऊर्जा मिळते, पण सावकाश. ग्लायकोजेनच्या साधारण निम्म्या वेगाने. शिवाय तेवढ्याच ऊर्जेसाठी तिला प्राणवायूही थोडा जास्त लागतो. चालताना, बसून वाचताना हा वेग भरपूर झाला. चढावर सायकल हाणताना तो पुरत नाही. तिथे वाळलेले इंधनच हवे. उपमा फार ताणू नका, कारण शरीरात दोन्ही इंधने सतत मिसळूनच जळत असतात आणि जोर जितका जास्त तितका साखरेचा वाटा वाढतो. पण मुख्य गोष्ट तीच.

आणखी एक गंमत आहे, ती पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. स्नायूंतले ग्लायकोजेन रक्तात परत येऊ शकत नाही. त्यासाठी जे विकर लागते, ते यकृतात असते, स्नायूंत नसते. मांडीतली साखर मांडीनेच खायची. ती मेंदूला उसनी देता येत नाही. हाताच्या स्नायूंत भरपूर ग्लायकोजेन शिल्लक असले तरी सायकल मारणाऱ्या पायांना त्याचा थेट उपयोग नाही. मेंदूची सारी भिस्त यकृतावर. आणि यकृताचा साठा रात्रभरात, आपण झोपेत असताना, मेंदूला पोसण्यातच निम्म्याहून जास्त खर्च होतो. मेंदू तासाला सुमारे पाच ग्रॅम ग्लुकोज घेतो. तुम्ही गणित सोडवा की घोरा, त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे रात्री आठला जेवून सकाळी चहावर निघालेला मी, घरातून बाहेर पडतानाच यकृताचे अर्धे कोठार रिकामे करून निघालो होतो. (त्या चहातली साखर? दोन चमचे. कळंब्यापर्यंत पुरली असेल.)

हे सारे कसे कळले, याची कथा मला फार आवडते, कारण तिच्यात सायकल आहे. १९२४ साली अमेरिकेतल्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये धावलेल्या काही जणांचे रक्त डॉक्टरांनी शर्यत संपताच तपासले. जे गलितगात्र होऊन, भांबावलेल्या अवस्थेत आले होते, त्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी धावपटूंना जेवणात भरपूर पिष्टमय पदार्थ दिले आणि धावताना गोड गोळ्या दिल्या, तर तसे झाले नाही. १९३९ साली कोपनहेगनमध्ये क्रिस्टेन्सन आणि हान्सन या दोन शास्त्रज्ञांनी माणसांना जागेवरच्या सायकलीवर थकून थांबेपर्यंत पायडल मारायला लावले. थांबल्यावर त्यांना ग्लुकोज पाजले. थोड्या वेळाने ती माणसे पुन्हा सायकल चालवू लागली. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की त्यांच्या स्नायूंत जळणाऱ्या साखरेचे प्रमाण ग्लुकोज घेतल्यावर फारसे वाढलेले दिसले नाही. म्हणून त्या दोघांनी असा तर्क केला, की ग्लुकोजचा हा परिणाम मुख्यतः मेंदूवर झाला असला पाहिजे.

माझ्या गुरुजींना हे तेव्हा सांगता आले असते तर किती बरे झाले असते! निर्धार हा काही हवेतून येत नाही. तो मेंदूत होतो, आणि मेंदू स्वतःच साखरेवर जगतो. ज्या अवयवाने निर्धार करायचा, तोच उपाशी असताना त्याला 'निर्धार कर' म्हणून सांगणे म्हणजे रॉकेल संपलेल्या कंदिलाला मोठ्याने ओरडून उजेड मागणे आहे.

स्नायूंचा साठा मोजायला मात्र १९६० नंतरची दशके उजाडावी लागली. स्टॉकहोममधले डॉ. बेर्यस्ट्रम आणि डॉ. हुल्टमन यांनी जाड सुईने मांडीच्या स्नायूचा तांदळाच्या दाण्यासारखा तुकडा काढून त्यातले ग्लायकोजेन मोजण्याची पद्धत वापरली. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ते स्वतःच उंदीर झाले! एकाच सायकलीच्या दोन बाजूंना दोघे बसले. एकाने डाव्या पायाने, दुसऱ्याने उजव्या पायाने पायडल मारायचे. उरलेला एकेक पाय विश्रांतीत. पाय चालेनासा होईपर्यंत त्यांनी हे केले. मग दोन्ही पायांतले तुकडे काढले. राबलेल्या पायातले ग्लायकोजेन जवळजवळ संपलेले. बसलेल्या पायातले जसेच्या तसे. पुढचे तीन दिवस त्यांनी भरपूर पिष्टमय आहार घेतला. राबलेल्या पायात आता बसलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट ग्लायकोजेन साठले होते. ज्या कोठारातून धान्य उपसले, तेच कोठार पुढच्या वेळी मोठे होते. सराव म्हणजे काय, याचा एक भाग हा आहे. दुसरा भाग असा, की सराव झालेला स्नायू त्याच वेगाला चरबी जास्त वापरतो आणि साखर जपून खर्चतो.

आता कोणी म्हणेल, मग मनाचा काहीच भाग नाही का? आहे. तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २००४ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये सायकलपटूंना एक तासाच्या शर्यतीत पिष्टमय पदार्थाचे पाणी फक्त तोंडात खळखळवून थुंकून टाकायला सांगितले. पोटात काहीच गेले नाही, तरी त्यांचा वेळ सुमारे तीन टक्क्यांनी सुधारला. तोंडात अन्न आल्याची वार्ता लागताच मेंदूने आखडता हात थोडा सैल केला. म्हणजे थकव्याचा काही भाग हा मेंदूने आधीच लावलेला ब्रेक असतो. पण हा तीन टक्क्यांचा खेळ आहे, तोही तासाभरात संपणाऱ्या कामाचा. कोठार रिकामे झाल्यावर चूळ भरून कोणी घरी पोहोचत नाही.

महाराष्ट्रात निर्धाराची कमतरता नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे भाऊ २०१५ साली 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने, आळीपाळीने सायकल चालवून पूर्ण करून आले. २०१७ साली नाशिकचेच लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. यांच्या निर्धाराबद्दल कोणाला शंका आहे? पण त्या शर्यतीत प्रत्येक स्पर्धकामागे मदतनीसांची गाडी चालते आणि त्या मदतनीसांचे एक मोठे काम म्हणजे स्पर्धकाला ठरलेल्या वेळेला खायला-प्यायला देणे. भूक लागली म्हणून नव्हे, घड्याळ पाहून. भूक लागेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो. तालमीतली जाणती वस्ताद मंडळीही पठ्ठ्याच्या खुराकाची चौकशी आधी करतात, जोर-बैठकांची नंतर. गल्लीतल्या आम्हा पोरांनी तालमीचा शनिवार तेवढा उचलला आणि खुराक तिथेच ठेवला.

हे सगळे कळूनही मी एकदा तीच चूक केली, ती सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नाही. पुढे मी विज्ञानाचा शिक्षक झालो. १९९६ साली आमच्या शाळेच्या खो-खो संघाचा सराव सकाळी साडेसहाला असे. एक आठवीतली मुलगी नऊ किलोमीटरवरच्या वाडीतून सायकलने येई. पहिली पंधरा मिनिटे ती वाऱ्यासारखी पळे आणि नंतर पाटीवर बसल्या बसल्या तिला खो मिळाल्याचेही भान नसे. महिनाभर पाहून मी तिला संघातून काढले. काढताना काय म्हणालो असेन? "अंगात दम नाही." वाक्य तोंडातून गेल्यावर मला बिद्रीचा रस्ता आठवला आणि शरम वाटली. दुसऱ्या दिवशी विचारले, तर ती साडेपाचला घरून निघत होती. आई त्याच्याही आधी भांगलणीला जाई. भाकऱ्या व्हायच्या त्या नंतर. रात्रीच्या जेवणावर चहा, नऊ किलोमीटर सायकल, मग दीड तास खो-खो. जो हिशेब मी दरवर्षी फळ्यावर करून दाखवत होतो, तो समोरच्या मुलीला लावून पाहिला नव्हता. रात्रीची अर्धी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा एवढे ती येताना वाटेत खाऊ लागली. पुढच्या वर्षी ती संघात होती. पण माझ्या त्या वाक्यानंतर ती संघात परतली नसती तर? अशा किती मुली 'आपल्याला जमत नाही' असे समजून घरी बसल्या असतील, आणि त्यांना न जमलेली गोष्ट फक्त न्याहारीची असेल!

म्हणून माझे म्हणणे असे आहे. सहलीला, शर्यतीला, सरावाला मुले नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने सायकलींच्या ट्यूबमधली हवा तपासतो तशी एक गोष्ट तपासावी : कोण काय खाऊन आले आहे? आणि वाटेत कोणी गळाठले, तर उपदेश करण्याआधी गूळ द्यावा. दिल्यावर उपदेश करायचाच असेल तर खुशाल करावा; निदान ऐकणारा शुद्धीत असेल.

काही जण यावर नाक मुरडतील. साखर वाईट, साखरेने दात किडतात, वजन वाढते, असे आपण रोज ऐकतो. आणि ते खरेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेल्या किंवा मोकळ्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी. गूळही यातून सुटत नाही. कोल्हापूरचा असला तरी तो बहुतांशी साखरच. पण चुलीत घालायचे लाकूड आणि अंगणात रचून ठेवलेले लाकूड यांत फरक आहे. शाळा दोन-तीन किलोमीटरवर असेल तर गूळ खिशात घेण्याचे कारणच नाही. सकाळी नीट खाऊन निघालात की झाले. तासभराच्या सायकललाही पाणी पुरते. त्याहून लांब जायचे असेल, तर दुसऱ्या तासापासून दर तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्टमय किंवा गोड पदार्थ मोठ्या माणसाला लागतात. तुम्हाला यातला खालचा आकडा पुरे. दोन मध्यम केळी, किंवा तीस-पस्तीस ग्रॅम गूळ, किंवा खजुराच्या सहा-सात बिया—चुकलो, सहा-सात खजूर, बिया टाकायच्या. उसाचा रस मिळाला तर एका पेल्यात एवढी साखर सहज असते. दुकानातल्या डब्यात मिळणारी ग्लुकोजची भुकटी वाईट नाही, पण जाहिरातीत दाखवतात तशी ती कोणाला विजेचा वेग देत नाही. ती गुळापेक्षा थोडी लवकर रक्तात जाते आणि गुळापेक्षा बरीच महाग पडते, एवढेच.

चढाचा हिशेब करायला मजा येते. मुलगा आणि सायकल मिळून साठ किलो धरा. शंभर मीटर उंची चढायला लागणारे काम सुमारे ५९ किलोज्यूल, म्हणजे चौदा कॅलरी. आपले स्नायू खाल्लेल्या ऊर्जेतली चौथ्या हिश्श्याहूनही थोडी कमीच कामाला लावतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून प्रत्यक्ष खर्च साठ-पासष्ट कॅलरींचा. सोळा-सतरा ग्रॅम गूळ. एक लहान खडा म्हणजे शंभर मीटरचा घाट! रस्त्याचे अंतर आणि वाऱ्याचा विरोध यांचा खर्च वेगळा. तुमच्या गावाजवळच्या घाटाची उंची नकाशात पाहून हा हिशेब करा.

उपवासाबद्दल मला कोणाच्या श्रद्धेत ढवळाढवळ करायची नाही, आणि त्याची गरजही नाही. साबुदाणा, रताळे, राजगिरा, केळी, खजूर, गूळ ही उपवासाची यादी पाहा. लांबच्या सायकलवाल्यासाठी आहारतज्ज्ञाने केली असती तर ती फार वेगळी झाली नसती. त्रास उपवासाने झाला नव्हता, लाडू देऊन टाकण्याने झाला होता.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. उन्हात कोसळणाऱ्या प्रत्येकाची साखरच कमी झालेली असते असे नाही. पाणी कमी पडणे, ऊन लागणे यांनीही चक्कर येते. खाऊन, पाणी पिऊन, सावलीत बसून अर्ध्या तासात बरे वाटले नाही, किंवा अंग तापले असेल, तर डॉक्टरकडेच न्यायचे. आणि शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचे नाही, गूळही नाही. ते श्वासनलिकेत जाते. मधुमेहासाठी इन्शुलिन घेणारा एखादा मित्र तुमच्यात असेल तर लांबच्या सहलीआधी त्याने खाण्याचे आणि इन्शुलिनचे प्रमाण डॉक्टरांना विचारून घ्यावे. त्याच्या खिशात गोड काय आहे आणि कुठल्या खिशात आहे, हे बरोबरच्या दोघांना तरी ठाऊक असावे.

राहता राहिला गूळ न्यायचा कसा हा प्रश्न. खिशात तसाच टाकला तर उन्हाने पाघळतो आणि मुंग्या लागतात. वर्तमानपत्रात बांधला तर शाई लागते. घट्ट झाकणाच्या लहान डबीत शेंगदाण्यांत घोळवून ठेवला तर चिकटत नाही, आणि सायकल चालवताना डबी हँडलच्या पिशवीत ठेवता येते. मात्र खाताना थांबा, एक पाय जमिनीवर टेका. बिद्रीच्या रस्त्यावर हंगामात अजूनही उसाची वाहने एकामागून एक येत असतात. बैलगाड्यांपेक्षा आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जास्त, आणि ट्रॉलीबाहेर आलेला ऊस लांबून दिसत नाही.